रांगेचं शेपूट

पितेराक सुटायच्या आधी कुत्री गप्प होतात.
मग बर्फाच्या पठारावरून वारा खाली कोसळतो,
तासीलाकची लाकडी घरं आपापल्या तारांना धरून बसतात
आणि टेकडीवरची आमची तबकडी
उपग्रहाकडे बघता बघता डोळा मिचकावू लागते.

एरवी चाळीस मेगाबिट. आज सहा.
आणि वादळात बाहेर पडता येत नाही म्हणून
अख्खं गाव एकदमच आकाशाकडे हात पसरतं.
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?
तरी पोहरा ओढायचा मीच. रात्रपाळी माझी.

राउटरला दया नसते, त्याला रांगा असतात.
रांगा मी लिहिल्या उन्हाळ्यात, खिडकी उघडी ठेवून,
कुणाचाही चेहरा आठवायची गरज नसताना:
पहिलं इस्पितळ. मग आवाज.
मग हवामान केंद्राचे आकडे, इतके लहान
की त्यांना अडवायची लाज वाटावी.
चौथा दुकानाचा गल्ला.
पत्रं त्याच्या मागे; पत्रांना थांबायची सवय आहे.
तळाला सिनेमे, खेळ, बोलणाऱ्यांचे चेहरे,
आणि फोनचे ते अपडेट, जे कुणीच मागितलेले नसतात.

निकोदेमुसनं मला हे काम शिकवलं. म्हणायचा,
टाकी तुडुंब होईपर्यंत थांबू नकोस.
आधीच थोडं थोडं सांडायला लाग,
इथलं एक, तिथलं एक, डोळे मिटून.
ज्याचं सांडतं तो पलीकडे बिचकतो,
हात आखडता घेतो, तेच पुन्हा पाठवतो, पण हळू.
शहाण्याला एक चापट पुरते, म्हणायचा,
आणि हसायचा, कारण त्याला तीन मुलगे होते.

आवाज तसा नसतो.
त्याचा हरवलेला तुकडा पुन्हा पाठवून उपयोग नाही,
उशिरा पोचलेलं अक्षर भलत्याच शब्दात जाऊन बसतं.
तेव्हा वेळेत जावा, नाहीतर जाऊच नये.
नियमांत ही एकच ओळ आहे.
सगळ्यात जास्त वेळ तिलाच लागला.

रात्री नऊला इस्पितळातून एक चित्र निघालं:
कुणाच्या तरी मांडीचं मोडलेलं हाड,
नूकच्या डॉक्टरांसाठी. हाड जड होतं.
बाकीचे सरकले. शेपटाकडून गळती सुरू झाली.
पडद्यावर आकडा चढत गेला:
टाकलेली पाकिटं बारा हजार, एकोणीस हजार,
चाळीसनंतर मी चहा करायला उठले.
नावं नसतात त्यांना. असती तर
मी हे काम सोडलं असतं, की जास्त जपून केलं असतं,
अजून ठरवता आलेलं नाही.

दोन दिवसांनी दुकानात वित्तुस भेटला,
दाढीत बर्फ, काखेत कुत्र्यांच्या खाद्याची गोणी.
तूच ना ती, रात्रीची?
परवा दीना बोलत होती आल्बोर्गहून,
पिल्लं दाखव म्हणाली, आणि तिचा चेहराच थिजला.
तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटत आलेला.
आवाज येत होता, घरभाडं, परीक्षा, दातदुखी,
चेहरा मात्र तोच.

मी माफी मागायला लागले.
तो म्हणाला, अगं, नको.
चांगला पंधरा मिनिटं बघत बसलो.
एरवी ती एका जागी ठरते कुठे?
तिच्या भुवईत माझ्या बहिणीचा भोवरा आहे.
एकवीस वर्षांत दिसला नव्हता.

मग गोणी खाली ठेवून म्हणाला,
जे पोचत नाही ते साठतं कुठे?
कुठेच नाही, मी म्हटलं. फेकतसुद्धा नाहीत.
त्याच जागेवर दुसरं काही लिहिलं जातं, इतकंच.
तो यावर बराच वेळ काही बोलला नाही.

तबकडी अजून थोडी वाकडीच आहे.
मशीननं त्याचं कार्ड दोनदा नाकारलं,
तिसऱ्यांदा घेतलं.
मागे चार माणसं खोळंबली होती.
मी चुळबुळत डब्यांवरच्या किमती वाचत राहिले.
दुकान माझ्या चौथ्या रांगेत आहे.